थोरलं कोण: युनिव्हर्सिटी कॉलेज की मर्टन?

ऑक्सफर्डच्या कॉलेजांमध्ये थोरलेपणाचा मान कुणाचा, ही भाऊबंदकी जुनी आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज १२४९ साल सांगतं. त्या वर्षी डरहॅमचा विल्यम वारला आणि धर्मशास्त्र शिकणाऱ्या दहा-बारा पदवीधरांसाठी ३१० मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) ठेवून गेला. पण तिजोरीत पैसे पडले म्हणजे कॉलेज झालं का? नियमावली यायला १२८० उजाडलं. त्यात या मंडळींनी पुढे चक्क नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाला आपला संस्थापक ठरवलं आणि १८७२ मध्ये हजारावा वाढदिवसही साजरा केला! हौसेला मोल नाही.

मर्टनची गोष्ट सरळ. वॉल्टर डी मर्टननं १२६४ मध्येच नियम लिहून दिले, जमिनी लावून दिल्या. शिवाय इथं जुनेपण डोळ्यांना दिसतं. मॉब क्वाड हा चौक एखाद्या चौसोपी वाड्यासारखा. वरच्या मजल्यावर १३७०च्या दशकातलं ग्रंथालय. तिथं पुस्तकं साखळीनं फळीला बांधलेली असत. वाचायचं तर आपणच पुस्तकापाशी जायचं. युनिव्हर्सिटी कॉलेजचा मुख्य चौक मात्र सतराव्या शतकातला.

कागदावर १२४९ आधी येतं, कबूल. माझं मत मर्टनला.