व्हॅक्यूम हार्डनिंगआधी काळी कातडी: सँडब्लास्ट की मिलिंग?

एचसीएचसीआर किंवा एच-13 या टूल स्टीलचा ब्लॉक व्हॅक्यूम हार्डनिंगला, म्हणजे हवा काढलेल्या भट्टीत तापवून कडक करायला, पाठवायचाय आणि बिनकामाच्या बाजूंवर बारची काळी कातडी, म्हणजे गरम रोलिंगमधला ऑक्साइडचा थर, तशीच आहे. ती सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने घालवायची, की मिलिंग मशीनवर सहाही बाजूंनी कटर फिरवायचा? तशीच पाठवणं मी पर्यायात धरतच नाही. 1020 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादातला कार्बन त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेऊन कार्बन मोनॉक्साइड होतो, पंप तो ओढत राहतो आणि वरचा थर मऊ पडतो. भट्टीत हवा नसली तरी ऑक्सिजन आपणच आत पाठवलेला असतो. ओल्या गंजाचं तर विचारूच नका, व्हॅक्यूम लागायलाच वेळ लागतो आणि त्याची वाफ शेजारच्या चकचकीत जॉबचाही रंग बिघडवते.

ब्लास्टिंग स्वस्त आणि झटपट. जुन्या डायच्या पॉकेटमध्ये, जिथे कटर जात नाही, तिथे मीही तेच करतो.

पण ब्लास्टने जातं ते फक्त ऑक्साइड. बार गरम रोल होतानाच कातडीखालचा कार्बन उडालेला असतो, तो थर तसाच राहतो. मला वैताग आला तो याचाच. प्लेट भट्टीतून छान रुपेरी येते. इन्स्पेक्शनवाला हार्डनेस मोजायला रॉकवेलचा ठसा नेमका ब्लास्ट केलेल्या बाजूला मारतो आणि 58 ऐवजी आकडा पन्नासच्या आसपास. भट्टीवाल्याला फोन जातो, तो भट्टीच्या तापमानाचा चार्ट पाठवतो, चार्ट बरोबरच असतो. कडेला कानस लावली की आधी मऊ थरात पकडते, थोडं घासल्यावर खालच्या कडक पोलादावर घसरायला लागते. तीच जागा ग्राइंड केली की हार्डनेस पुरेपूर. तोवर डिस्पॅच अडलेलं आणि दोघांची तोंडं वाकडी. शिवाय मऊ थर एकाच बाजूला राहिला तर पातळ प्लेट कमान धरते, ते वेगळंच.

मिलिंगला मशीनचा वेळ जातो, बारही जाड घ्यावा लागतो. मी साधारण दर बाजूला दीड-दोन मिलिमीटर धरतो, मोठ्या बारला जास्त. सगळ्या बाजू नंतर भरपूर ग्राइंड होणार असतील तर ब्लास्ट चालून जाईल, नाही म्हणत नाही. पण पंच, डाय प्लेट, इन्सर्ट असेल तर मी आधी कातडीच काढतो.

पावसाळ्यात मिलिंग झालेला जॉब रात्रभर कूलंटसकट टेबलावर ठेवू नका. पुसून तेल लावा आणि भट्टीत घालण्याआधी ते नीट धुवायला भट्टीवाल्याला आवर्जून सांगा.