पावसाळ्यातली बुरशी: एक्झॉस्ट, डीह्युमिडिफायर की एसी?

जुलै लागला की मुंबई-ठाण्यापासून कणकवलीपर्यंत घरोघरी एकच रड. कपाटामागची भिंत काळी पडली, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव आली, गाद्या-उशांना कुबट वास येतोय. मग नेटवर शोधाशोध होते आणि सल्ला हमखास इंग्लंडकडचा मिळतो: बाहेरची हवा सतत आत खेळवणारी यंत्रणा बसवा. तिकडे तो बरोबरच आहे. तिथल्या हिवाळ्यात ५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम ६ ग्रॅम बाष्प असतं. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते आणि भिंती वाळतात. आपल्याकडे जुलैत बाहेर २७ अंश आणि ८५-९० टक्के, म्हणजे घनमीटरमागे २२-२३ ग्रॅम. ही हवा कितीही खेळवली तरी घर तिच्यापेक्षा कोरडं होणं शक्य नाही. त्यामुळे इथला प्रश्न ‘हवा किती आत घ्यायची’ असा नाही, ‘कुठली बाहेर काढायची आणि कुठली आत येऊच द्यायची नाही’ असा आहे.

पण काहीही विकत घेण्याआधी भिंत तपासा. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा डागाजवळ चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवसांनी काढा. फॉइलची भिंतीकडची बाजू ओली निघाली तर ओल आतून येतेय: बाहेरच्या प्लास्टरला चीर, वरच्या मजल्याची गळती, नाहीतर पाइप. पोपडे धरले असतील तर बहुतेक वेळा हेच असतं. तिथे कुठलंही मशीन लावणं म्हणजे पैसे पाण्यात. कोकणात पावसाच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात ते एवढ्यासाठीच, की पाणी मुळात भिंतीला लागूच नये. फॉइलची मागची बाजू कोरडी असेल तर दोष हवेतल्या दमटपणाचा, आणि पुढची तुलना तुमच्यासाठी.

एक्झॉस्ट फॅन सगळ्यात स्वस्त. सहा इंची पंखा ३०-४० वॅट घेतो, वीजबिलात कळतही नाही. बाथरूम आणि स्वयंपाकघरात तो असायलाच हवा, यावर माझ्या मते चर्चाच नको. अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालवला की वाफ तिथल्या तिथे बाहेर जाते, बेडरूमपर्यंत पोचत नाही. मात्र दाराखाली बोटभर फट हवी. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता घोंघावतो. घरातच कपडे वाळत घालायचे असतील तर तेही दार लोटून याच पंख्याखाली, कारण मशीनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. पण बेडरूमची बुरशी घालवायला तिथे दिवसभर एक्झॉस्ट लावण्यात अर्थ नाही. तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दमट हवा फटींतून आत ओढतो.

एसी घरात असेल तर साहजिकच वाटतं, वेगळं मशीन कशाला? थोडं खरं आहे. एसी पाणी काढतो, पण तो तापमानावर चालणारा गडी. बाहेरच २६-२७ अंश असले की खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि आतल्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. म्हणून पावसाळ्यात रिमोटवरचा ड्राय मोड वापरा, त्याचा भर गारव्यापेक्षा ओल काढण्यावर असतो. २० अंशांवर लावून गारठण्याचा मोह टाळा. तेवढी थंड झालेली भिंत पलीकडून, म्हणजे पॅसेजच्या बाजूने, घामाने ओली होते, कारण बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंश असतो. बेडरूममधली बुरशी घालवायला जावं आणि ती पॅसेजमधल्या कपाटामागे उगवावी, हे नेहमीचंच.

डीह्युमिडिफायर हवेतलं पाणी काढून आपल्या टाकीत जमा करतो आणि थेट आर्द्रतेवर चालतो. ५५-६० टक्क्यांवर लावा, तिथे पोचला की थांबतो. बेडरूमपुरत्या मशीनला ३००-४०० वॅट लागतात, आठ तासांना तीनेक युनिट. दीड टनी एसी पूर्ण जोरात चालताना दीड किलोवॅटच्या घरात जातो. तोटा असा की हा खोली तापवतो. एक लिटर पाणी गोळा होताना पाऊण युनिटभर उष्णता सुटते, वर मशीनची स्वतःची. त्यामुळे रात्री उशाशी नको. दिवसा दारं-खिडक्या बंद करून, कपाटाची दारं उघडी टाकून चालवा. खोक्यावर लिहिलेले ‘२० लिटर’ सहसा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली कोरडी होत गेली की पाणी बरंच कमी निघतं, त्यात मशीनचा दोष नाही. दोन-तीन हजारांत मिळणारी, कॉम्प्रेसर नसलेली छोटी डबडी मात्र घेऊ नका. दिवसाला पाच-सहाशे मिली पाणी काढून खोली कोरडी होत नसते.

हीट रिकव्हरी युनिट (बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेत उष्णतेची देवाणघेवाण करणारी यंत्रणा) वगैरे प्रकार साध्या फ्लॅटसाठी सोडून द्या. नळ्या ओढायचा खर्च मोठा आणि आत येणार तीच जुलैची हवा.

माझा कौल: रात्री एसी लावून झोपतच असाल तर ड्राय मोड आणि बाथरूमचा एक्झॉस्ट एवढ्यावर हा पावसाळा काढून बघा. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटापाशी ठेवा. आकडा दिवसेंदिवस सत्तरच्या वर राहिला तरच डीह्युमिडिफायर घ्या. एसी नसेल, किंवा पुस्तकं, साड्या, कॅमेरे यांची खोली वाचवायची असेल, तर पहिल्यापासून तोच. पुणे-नाशिककडे हे सगळं कमी लागतं. दिवाळीनंतर तर खिडक्या उघडल्या की काम होतं, आणि तेव्हा मुंबईतही होतं.

गावचं घर चार महिने कुलूपबंद असेल तर डीह्युमिडिफायरच्या टाकीवर विसंबून चालणार नाही. पाण्याची नळी थेट मोरीत सोडता येईल असं मॉडेल बघा. आणि दुकानात मशीन चालू करून प्लग काढायला लावा, परत घालायला लावा. आपोआप सुरू होत नसेल तर घेऊ नका, कारण गावाला पावसात लाइट जाणारच.