मोका अडॅप्टर: भिंतीतल्या जुन्या केबलवरून नेट
वाशीचा आमचा फ्लॅट जुना, राउटर हॉलमध्ये आणि मागच्या बेडरूममध्ये वायफाय नुसतं नावाला, भिंती फोडायला आई तयार नाही, म्हणून मोका २.५ (MoCA, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून नेट चालवायची पद्धत) अडॅप्टर घेतले. केबल टीव्हीची कोॲक्स वायर पडूनच होती, दोन्ही टोकांना एकेक डबा लावला, लॅनची वायर खोचली, झालं! वायफाय एक्स्टेंडरपेक्षा कितीतरी स्टेबल, पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) पण मस्त. फक्त स्प्लिटर (एका केबलला फाटे फोडणारा जोड) बघा हां, साधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि मोका चालतं ११२५ ते १६७५ मध्ये, त्यामुळे तो बदलाच. आणि त्याच वायरवर डिश असेल तर विसरा, डीटीएचचा सिग्नलपण ९५० ते २१५० मध्येच येतो, दोघं भांडणार. महाग आहे राव, त्यात जोडीच घ्यावी लागते, एका डब्याने काही होत नाही.