चिखलातून आलेली थार आणि घरचा प्रेशर वॉशर: पावसाळाभर वापरल्यानंतर

मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून शनिवार-रविवार ऑफ-रोडिंगला जाणाऱ्या कुणालाही मी प्रेशर वॉशर घ्या असंच सांगेन. बॉडी चकाचक करण्यासाठी मात्र नाही, ती बादली-फडक्यानेही होते. पैसे वसूल होतात ते गाडीच्या पोटाखाली. तिथे आपला हात पोहोचत नाही, आणि वॉशिंग सेंटरवाला दोन फवारे मारून पुढच्या गाडीकडे वळतो.

माझी महिंद्रा थार डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर. राहायला बोरिवलीत. वॉशर 1700 वॉटचा, खोक्यावर पाण्याचा दाब 130 बार लिहिलेला, पाणी मिनिटाला साधारण साडेसहा लिटर. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि तेव्हापासून कर्जत, मुरबाड, लोणावळ्याच्या बाजूच्या प्रत्येक फेरीनंतर चालला आहे.

आधी पाण्याचं बोलू, कारण सोसायटीत पहिला आक्षेप त्यावरच येतो. साधा पाइप मिनिटाला पंधरा लिटर सहज ओततो आणि अर्धा तास धरून बसलं तरी चासीतला चिखल हलत नाही. वॉशरची मोटर एका धुण्यात एकूण वीसेक मिनिटं चालते, म्हणजे सुमारे 130 लिटर पाणी. नळाचा दाब आमच्याकडे बेभरवशाचा आहे, म्हणून ड्रममधून पाणी ओढणारं मॉडेल घेतलं. मुंबईत घेणाऱ्याने ही सोय आहे का ते आधी बघावं, बारचा आकडा नंतर.

ड्रममध्ये कुठलं पाणी भरता, हेही महत्त्वाचं. खाडी-समुद्राजवळच्या बऱ्याच भागांत बोअरिंगचं आणि टँकरचं पाणी मचूळ असतं. त्या पाण्याने चासी धुणं म्हणजे आपल्याच हाताने मीठ चोळणं. क्लोराइड लोखंडावर राहिलं की हवेतला ओलावासुद्धा गंजाला पुरतो, आणि जुलै-ऑगस्टच्या मुंबईत ओलाव्याला काय तोटा! आम्ही गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवतो, तेच वापरतो. टाकी रिकामी असेल तर बोअरिंगच्या पाण्याने चिखल काढून शेवटचा हात गोड्या पाण्याचा देतो.

आता मुख्य काम. भाताच्या खाचरांतली चिकण काळपट माती आणि दक्षिण कोकणातली जांभ्याची लाल माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाल माती रंग सोडते, पण पाणी लागलं की निघते. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते आणि वेल्डिंगच्या सांध्यांत, क्लिपांच्या मागे घट्ट धरून बसते. म्हणून ती वाळूच द्यायची नाही. रविवारी रात्री उशिरा आलो तर मशीन लावत नाही, झोपलेल्या इमारतीत तो आवाज बरा नाही. पण बागेच्या फवारणीच्या पंपाने चारही व्हील आर्च (चाकांवरच्या कमानी) आणि स्किड प्लेटची, म्हणजे पोटाखालच्या संरक्षक पत्र्याची, वरची बाजू भिजवून ठेवतो. सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

सगळ्यात जास्त माल स्किड प्लेटवर निघतो. खालून पत्रा स्वच्छ दिसतो, पण त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत चिखल, भाताची मुळं, गवताच्या काड्या यांचा ओला लगदा दडलेला असतो. सरळ लान्सने, म्हणजे गनच्या पुढच्या नळीने, तिथे काही होत नाही. वेगळा विकत घेतलेला काटकोनात वाकलेला लान्स फटीत सरकवला की आधी तपकिरी पाणी येतं, मग एकदम ढेकूळच घसरून खाली पडतं. हा लगदा दिवसेंदिवस ओल धरून राहतो. नटबोल्टांची डोकी तिथे सर्वात आधी तांबूस होतात. माझ्या लेखी या वाकड्या लान्सची किंमत फोम गन, टर्बो नोझल वगैरे सगळ्या सरंजामापेक्षा जास्त आहे.

चासीच्या पेटीसारख्या भागांना निचऱ्याची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की आत शिरलेलं पाणी आतच राहतं. मी आधी केबल टायच्या टोकाने भोकं मोकळी करतो आणि मग आत पाणी सोडतो, स्वच्छ पाणी गळेपर्यंत. चाकांच्या आतल्या बाजूलाही असाच एक थर राहतो. बाहेरून अलॉय चमकतं, पण एक्स्प्रेस वेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लगेच बॅलन्सिंगला पळण्याआधी रिमच्या आत हात घालून बघा, मूठभर चिखलानेही तोल बिघडतो.

जेट कुठे मारायचा नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरचे फिन जोराच्या पाण्याने सहज वाकतात. तिथे साधा पाइप, तोही शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेर, म्हणजे गवताचं बी आलं त्या वाटेने परत जातं. वायरिंगचे कनेक्टर, अल्टरनेटर, हबची सीलं आणि पुढच्या एक्सलचे रबर बूट यांच्यावर जवळून फवारा नको, फूटभर अंतर आणि रुंद नोझल. बूटच्या घड्या मात्र बोटांनी उघडून बघाव्यात. बारीक चीर पडली असेल तर तिथून ग्रीस बाहेर आणि चिखल आत, आणि पुढचा खर्च बूटचा नसतो, जॉइंटचा असतो. इंजिन, ब्रेक गरम असताना थंड पाणी मारू नये.

वॉशर जिथे निरुपयोगी आहे ते ठिकाण म्हणजे डिफरन्शियल, एक्सलच्या मधला तेलात चालणारा गिअरचा डबा. चालून तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) चिखलाने बुजला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत खेचते. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी 650 मिमी सांगते, पण एक्सल त्याच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणून एक्सलभर पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी फिलर प्लग उघडून करंगळीला तेल लावून बघायचं. दुधाळ दिसलं तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता बदलायचं. फिलर प्लग उघडतोय याची खात्री आधी करायची आणि ड्रेन प्लगला मग हात लावायचा. ही सवय मला कुर्ल्याच्या आमच्या मेकॅनिक उस्तादांनी लावली. ते लिफ्टवर गाडी घेतल्यावर रंगाकडे बघतही नाहीत, आधी ब्रीदरची टोपी बोटाने हलवून बघतात. प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस भरायचं निपल असेल, तर धुतल्यावर ग्रीस गनने जुनं पाणेरी ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप करायचं, हेही त्यांचंच सांगणं.

मागच्या ब्रेकचं वेगळं सांगतो, कारण माझ्या थारला मागे ड्रम आहेत. चिखलपाणी आत गेलं की निघायला वेळ लागतो. धुऊन झाल्यावर गाडी सोसायटीच्या आवारात हळू फिरवत ब्रेक हलके दाबून कोरडे करायचे. आणि ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवायची नाही, लायनर चिकटतात. सपाट पार्किंग असेल तर गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावणं चांगलं.

आतलं फारसं अवघड नाही. फ्लोअरला ड्रेन प्लग आहेत, पण म्हणून आत जेट मारायचा नसतो. मॅट काढायच्या, ओल्या फडक्याने पुसायचं, पंखा लावून सुकवायचं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून कोमट साबणाच्या पाण्याने पुसावेत, चिखल लागलेला बेल्ट गुंडाळताना अडकतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. रिकव्हरीचा नायलॉनचा दोर साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचा. तंतूंमध्ये अडकलेली रेती ताण आल्यावर आतून दोर कापते, आणि उन्हाने नायलॉन कमजोर होतं.

आता मशीनच्या तक्रारी. सोबत आलेला होज अगदीच आखूड आणि ताठ, गाडीभोवती फिरताना यंत्र मागून फरपटत येतं. दहा मीटरचा वेगळा घ्यावा लागला. गनच्या जोडापाशी ओ-रिंग झिजून पाणी गळू लागलं, ती हार्डवेअरच्या दुकानात किरकोळीत मिळाली. खरा मनस्ताप झाला तो ऑटो-स्टॉपचा स्विच अडकला तेव्हा. गन सोडली तरी मोटर चालूच. वॉरंटी असूनही सर्व्हिसवाल्यांनी भर पावसात कित्येक आठवडे यंत्र अडकवून ठेवलं, फोन केला की उत्तर एकच, पार्ट यायचा आहे. या किमतीच्या मशीनकडून मजबुतीची फार अपेक्षा नाही, पण ऐन हंगामात ग्राहकाला असं ताटकळत ठेवणं मला पटलेलं नाही. घेण्याआधी आपल्या भागात दुरुस्ती कोण करतो, हे विचारून घ्या.

विजेच्या बाबतीत काटकसर अजिबात नको. ओल्या फरशीवर उभं राहून आपण मोटर चालवत असतो. पॉइंटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि एक्स्टेंशन 2.5 स्क्वेअर मिमीच्या थ्री-कोअर वायरचंच वापरा. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. मशीन बंद केल्यावर गन दाबून उरलेला दाब काढावा. पाणी घेण्याच्या तोंडाची जाळी दर वेळी धुवावी, ड्रमच्या तळाचा गाळ पंपात गेला तर सीलं लवकर जातात.

महिन्यातून एखाद वेळी मातीच्या रस्त्यावर नेणारे असाल, तर आठ-नऊ हजारांचं मशीन आणि वाकडा लान्स पुरे, त्याहून महागड्या मॉडेलची गरज नाही. वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्यांनी वॉशर न घेता लिफ्ट असलेलं वॉशिंग सेंटर गाठावं आणि समोर उभं राहून खालची बाजू धुऊन घ्यावी. रबराचं जाड अंडरबॉडी कोटिंग मी करून घेतलेलं नाही. दगड लागून त्याला चीर पडली की त्याखाली पाणी साठतं आणि गंज दिसत नाही. त्याऐवजी आता ऑक्टोबरची उन्हं पडली, चासी आतून-बाहेरून खडखडीत वाळली, की पेटीच्या भोकांतून मेणाचा कॅव्हिटी स्प्रे मारायचा आहे, आणि त्याच दिवशी उस्तादांकडून दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदलून मागच्या ब्रीदरची नळी उंच बांधून घ्यायची आहे.