जोडलेला हशा: ‘द गून शो कॉम्पेन्डियम’चा पहिला संच

बीबीसीने ‘द गून शो कॉम्पेन्डियम’ या नावाने सीडी-संचांची जी माला काढली आहे, तिच्यातला पहिला संच मी गेल्या पावसाळ्यात विकत घेतला आणि तेव्हापासून तो तीन वेळा सलग ऐकला. पहिल्या खेपेस विनोदासाठी ऐकला, दुसऱ्या खेपेस सोबतची पुस्तिका उघडी ठेवून ऐकला आणि तिसऱ्या खेपेस केवळ खरखर ऐकण्यासाठी कानाला हेडफोन लावून बसलो. या तिसऱ्या ऐकण्यात मला त्या संचाची खरी किंमत कळली, म्हणून हे परीक्षण बरेचसे खरखरीविषयीच आहे.

ज्यांना गून शो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या होम सर्व्हिसवर ‘क्रेझी पीपल’ या नावाने हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याला गून शो हे नाव मिळाले आणि २८ जानेवारी १९६० रोजी दहाव्या मालिकेसह तो थांबला. स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे त्याचे तीन खांब. मायकेल बेंटीन हा चौथा गडी दुसऱ्या मालिकेनंतर बाहेर पडला. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर होता, जोडीला लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स असत. वालेस ग्रीनस्लेड नावाचा निवेदक अत्यंत गंभीर, सरकारी आवाजात कार्यक्रमाची घोषणा करी आणि पुढच्याच क्षणी त्या गांभीर्याची धूळधाण उडत असे.

या कार्यक्रमाचे अनेक भाग आज सापडत नाहीत. एवढ्या लोकप्रिय कार्यक्रमाचे भाग हरवले कसे, हा प्रश्न आज आपल्याला पडतो, पण तेव्हाच्या माणसांना तो पडला नसता. चुंबकीय फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत होती. एखादा भाग प्रसारित झाला, फार तर एकदा पुन:प्रसारित झाला, की त्या फितीवर पुढचे काहीतरी चढवणे हा काटकसरीचा सरळ हिशेब होता. बीबीसीचा ध्वनिसंग्रह होता, पण त्यात निवडक नमुनेच जात; वृत्तपत्र जसे दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला जाते, तसे आठवड्याच्या विनोदी कार्यक्रमाचे होत असे. त्यामुळे पहिल्या तीन मालिकांचे आज फारच थोडे उरले आहे. चौथीची अवस्थाही फाटक्या वहीसारखी आहे. सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या मालिकेपासून मात्र बहुतेक भाग टिकले, आणि म्हणूनच या मालेचा पहिला संच पहिल्या मालिकेचा नसून पाचव्या मालिकेच्या पूर्वार्धाचा आहे. खोक्यावर ठळक ‘१’ आकडा पाहून अथपासून ऐकायला मिळेल असे समजणाऱ्याने हे आधीच लक्षात ठेवावे.

जे टिकले ते जपण्याच्या हेतूने टिकले नाही, विक्रीच्या हेतूने टिकले. बीबीसीची ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस ही शाखा निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून परदेशांतल्या नभोवाणी केंद्रांना पुरवीत असे. ऑस्ट्रेलियात गून शो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला तो याच वाटेने. परंतु या तबकड्या काढताना कार्यक्रमाला कात्री लागे. त्या आठवड्यातल्या घडामोडींवरचे शेरे, ब्रिटिश पुढाऱ्यांची टिंगल, सैन्यातल्या श्रोत्यांना नेमके कळणारे चावट शब्द, असे जे जे परदेशी श्रोत्याला कळणार नाही किंवा खटकेल असे वाटे ते काढून टाकले जाई. सेलर्स अधूनमधून चर्चिल यांचा आवाज काढी, आणि १९५४ साली चर्चिल पंतप्रधानपदावर होते, एवढे सांगितले म्हणजे ती कात्री कुठे फिरत असेल याची कल्पना येते. पुढे बाजारात आलेल्या ग्रामोफोन तबकड्यांवर तर मधले संगीतही गाळलेले असे. म्हणजे अनेक दशके जगाने ज्याला गून शो म्हणून डोक्यावर घेतले, तो बऱ्याच वेळा मूळ कार्यक्रमाचा कापून बेतात बसवलेला अवतार होता.

गळालेला मजकूर परत आणायचा तर तो कुठेतरी उरलेला असायला हवा. काही तो बीबीसीच्याच कपाटांतल्या फितींवर सापडला आणि काही श्रोत्यांच्या घरांत. पन्नाशीच्या दशकात ज्या थोड्या हौशी लोकांकडे घरगुती टेपरेकॉर्डर होते, त्यांनी रेडिओवरून हे भाग उतरवून घेतले होते. २००१ साली बीबीसीने हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध घेण्यासाठी ‘ट्रेझर हंट’ नावाची मोहीम काढून लोकांना माळे आणि ट्रंका धुंडाळायला सांगितले. सरकारी खजिना रिता आणि हौशी श्रोत्याची ट्रंक भरलेली, हा प्रकार आपल्याकडच्या जुन्या बैठकींच्या फिती जमवणाऱ्यांना नवा वाटणार नाही. टेड केंडल या ध्वनितंत्रज्ञाने तबकड्या, मूळ फिती आणि घरगुती मुद्रणे शेजारीशेजारी ठेवून, प्रत्येकातला चांगला तुकडा घेऊन, भाग शक्य तितके पूर्ण केले. या संचमालेमागचा खरा कारागीर तो.

हे काम ऐकताना कसे वाटते ते सांगतो. तबकडीवरचा आवाज स्वच्छ, भरदार आणि किंचित कोरडा असतो. प्रेक्षागृहातला हशा नटांच्या मागे, योग्य अंतरावर ऐकू येतो. मग एखाद्या वाक्याच्या मध्यावरच आवाजाचा पोत बदलतो, उंच स्वर बोथट होतात, मागे सुईएवढी बारीक सळसळ सुरू होते, आणि पाच-दहा सेकंदांनी सारे पुन्हा पूर्ववत होते. ती पाच-दहा सेकंदे म्हणजे परत आलेला मजकूर. शिंप्याने रफू केलेली जागा उजेडासमोर धरल्यावर दिसावी तसा हा जोड कानाला जाणवतो. सगळीकडे एकसारखी खरखर पसरून किंवा साराच आवाज घासून गुळगुळीत करून तो झाकता आला असता. केंडल यांनी तसे केलेले नाही. नटांच्या श्वासाचे आवाज जागेवर आहेत, नाट्यगृहाची पोकळी जागेवर आहे, आणि हशा एखाद्या डब्यात बंद केल्यासारखा वाटत नाही. आजकाल जुन्या नाट्यगीतांच्या ‘स्वच्छ’ केलेल्या आवृत्त्या ऐकताना तानेबरोबर गळाही पुसला गेल्याची शंका येते. तसे इथे एकदाही वाटले नाही.

परत आलेल्या तुकड्यांमुळे विनोदाच्या चालीतच फरक पडतो. कापलेल्या आवृत्तीत एका धमाक्यावर दुसरा धमाका आदळतो आणि श्रोता दमतो. पूर्ण आवृत्तीत मॅक्स गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनच्या चौकडीचे गाणे या दोन जागा विसाव्याच्या म्हणूनच योजलेल्या होत्या, हे ध्यानात येते. आपल्या वगात लावणीची जी जागा, तीच यांची. मी पहिल्यांदा ही गाणी पुढे ढकलून ऐकली आणि ती चूक होती.

भागांपैकी सर्वांत आधी ऐकावा तो १२ ऑक्टोबर १९५४ चा, ज्यात बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावी युद्धकाळातल्या अंधारात कोणीतरी अज्ञात इसम म्हाताऱ्या मिनी बॅनिस्टरवर पुडिंग फेकून मारतो आणि सीकमचा नेडी सीगून त्याच्या तपासाला निघतो. कथा एवढीच आहे, आणि तीही धड राहत नाही. गंमत आहे ती ध्वनीच्या तर्कात. चित्र नसल्यामुळे रेडिओवर काहीही घडू शकते, हे सूत्र मिलिगनने टोकापर्यंत ताणले: माणूस धावत लांब जातो, पावलांचा आवाज विरत जातो, दार वाजते, आणि तो पुन्हा श्रोत्याच्या कानाशी येऊन उभा राहतो. ९ नोव्हेंबर १९५४ च्या भागातला ‘लर्गी’ हा सर्वस्वी कपोलकल्पित साथीचा रोग तर इंग्रजीत कायमचा राहून गेला. तिकडची मुले आजही सर्दी-पडशाला गमतीने तेच नाव देतात. ४ जानेवारी १९५५ च्या ‘नाइन्टीन एटी-फाइव्ह’ या भागात ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतल्या हुकूमशाहीच्या जागी खुद्द बीबीसीलाच बसवले आहे, आणि ते बीबीसीनेच प्रसारित केले. ‘फोरॉग’ हा भाग मला तिन्ही वेळा कंटाळवाणा वाटला. मिलिगन दर आठवड्याला अर्ध्या तासाचा मजकूर पाडत होता, १९५२ च्या अखेरीस या ताणापायी त्याचे मन:स्वास्थ्य पार ढासळले होते, तेव्हा एखादा भाग सपक निघाला तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

ध्वनिपरिणामांविषयी एक किस्सा सांगितला जातो. मोज्यात कस्टर्ड भरून तो आपटल्यावर जसा आवाज येईल तसा आवाज मिलिगनला हवा होता. उपाहारगृहातल्या बाईंनी मोठ्या मायेने ताजे कस्टर्ड करून दिले, त्याने ते त्यांच्यादेखत स्वत:च्या मोज्यात ओतले आणि फळीवर आपटले, आणि आवाज मुळीच मनासारखा आला नाही. हा ध्यास ज्याला समजला त्याला खरखर कमी करण्यासाठी वर्षे घालवणारा केंडलही समजेल.

मराठी श्रोत्याला या संचात आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी इंग्लंडातल्या परीक्षकाच्या कानावरून जाण्याची शक्यता आहे. मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत झाला; वडील ब्रिटिश फौजेत होते. बालपणाची वर्षे पुण्याच्या कँपात गेली, तिथल्याच जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये शिक्षणाला आरंभ झाला, नंतर कुटुंब रंगूनला गेले आणि पुढे इंग्लंडला. सेलर्सही युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात येऊन गेला होता. तेव्हा हिंदुस्थानी फौजेतला, लाच खाणारा, रणांगणावरून पळणारा आणि तिखट रश्शाने पोट कायम बिघडलेला मेजर ब्लडनॉक हे पात्र हवेतून आलेले नाही. कँपातल्या बंगल्यांच्या व्हरांड्यात बसणाऱ्या साहेबांना एका लहान मुलाने खालून वर पाहिले होते, आणि त्या मुलाने मोठेपणी साम्राज्याच्या पोटाचा आवाज जगाला ऐकवला. त्या पोटासाठी पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने, म्हणजे १९५८ साली स्थापन झालेल्या विद्युत-ध्वनीच्या प्रयोगशाळेने, खास आवाज बनवला. तो ऐकायचा तर मात्र उत्तरार्धातले संच घ्यावे लागतील.

याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी ही जोडीही अधूनमधून येते. सेलर्स आणि मिलिगन मानेला झोके देत बोलल्यासारखे इंग्रजी काढतात, आणि दोघे साध्या साध्या गोष्टीवर अंतहीन शास्त्रार्थ करत बसतात. आज ते ऐकताना ओठांवरचे हसू थोडे आखडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ब्लडनॉकची थट्टा आणि या दोघांची नक्कल यांच्यात मला फरक वाटतो: पहिलीत राग आहे, दुसरीत नुसता कान आहे. आक्षेपार्ह म्हणून हे तुकडे कोणी पुन्हा कापावेत असे मात्र मला वाटत नाही. कापाकापीचा परिणाम काय होतो ते हाच संच दाखवतो.

सोबतची पुस्तिका उत्तम आहे. मुद्रणाच्या आणि प्रसारणाच्या तारखा, कोणी काम केले, भागामागची हकिकत, हे सारे तीत आहे, आणि तिच्याशिवाय ऐकणाऱ्याचा निम्मा आनंद बुडेल. त्याच कारणाने, संच ऑडिबलवर उतरवून घेण्याची सोय असली तरी मी तबकड्यांची शिफारस करीन. अडचण एवढीच की पुण्यात आता सीडी चालवायचे यंत्र ज्याच्या घरी धड आहे असा माणूस शोधावा लागतो. मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला, तेव्हा खोके चेपलेले आणि एक तबकडी तडकलेली निघाली. शेवटी लंडनहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून तो सुखरूप आला. आयातकर आणि टपाल धरून पडणारी किंमत नवख्याने केवळ कुतूहलापोटी मोजावी इतकी कमी नाही. त्याने आधी बीबीसीच्या ‘रेडिओ ४ एक्स्ट्रा’ वाहिनीवर लागणारे जुने भाग ऐकून आपल्या कानाला ही भाषा मानवते का ते पाहावे. सेलर्सच्या झरझर बदलणाऱ्या आवाजांतून पात्रे वेगळी ओळखायला मला दोन भाग लागले.

हरवलेला कार्यक्रम परत मिळवण्याचे इतरही मार्ग आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्यावर या संचाचा कल स्पष्ट होतो. टोनी हॅनकॉक या ब्रिटिश विनोदी नटाच्या गाजलेल्या रेडिओ मालिकेचे जे भाग सापडत नव्हते, त्यांच्या संहिता घेऊन २०१४ पासून बीबीसीने नव्या नटांकडून ते पुन्हा करून घेतले. केव्हिन मॅकनली यांनी हॅनकॉकचा आवाज इतका हुबेहूब काढला की दाद द्यावी. गून मंडळींनी तर स्वत:च १९५७-५८ मध्ये चौथ्या मालिकेतल्या १४ संहिता परदेशी केंद्रांसाठी नव्याने सादर केल्या होत्या. हे दोन्ही प्रकार मी आवडीने ऐकतो. पण एखाद्या ओळीवर १९५४ च्या त्या रविवारी नाट्यगृहातल्या माणसांनी नेमके किती वेळ हसून घेतले, आणि सीकमला स्वत:चे हसू आवरेना म्हणून पुढचे वाक्य कसे उशिरा आले, हे पुन्हा सादर करता येत नाही.

मालेतला पुढचा संच, म्हणजे पाचव्या मालिकेचा उत्तरार्ध, भाच्याच्या डिसेंबरातल्या फेरीसाठी सांगून ठेवला आहे.