सिंगापुरातले चौदाव्या मजल्यावरचे घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा रात्रींसाठी सिंगापूरला गेलो होतो. आम्ही दोघे, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असे पाच जण होतो. तयारीत मी काहीही कसर ठेवली नव्हती. मुलांचे पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी वैध आहेत ना, हे जूनमध्येच पाहिले होते. व्हिसाचे अर्ज अधिकृत एजंटामार्फतच केले होते. तिथल्या मेट्रोत नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही असे वाचल्यावर धाकट्याला भिंतीला उभे करून मापलेही होते. तरीही आम्ही साठ हजार रुपयांना फसलो. त्या फसवणुकीला माझ्या याच काटेकोरपणाचा कसा उपयोग झाला, ते नीट सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

अडचण मुक्कामाची होती. बहुतेक हॉटेले एका खोलीत पाच माणसे राहू देत नव्हती, दोन खोल्या घ्याव्यात तर त्या शेजारी शेजारी मिळतीलच याची खात्री कोणी देत नव्हते आणि सहा रात्रींचा खर्च लाखाच्या वर जात होता. शिवाय सासूबाईंना बाहेरचे जेवण सोसत नाही आणि धाकटा त्या वेळी मऊ भाताखेरीज काही खात नव्हता, त्यामुळे स्वयंपाकघर असलेले घर मिळाले तर सगळेच प्रश्न सुटतील असे आम्हाला वाटत होते. नेमक्या त्याच सुमारास ओळखीच्या ओळखीतून एका बाईंचा नंबर मिळाला. त्यांचा सिंगापुरात फॅरर पार्क भागात दोन खोल्यांचा फ्लॅट असून तो त्या फक्त मराठी कुटुंबांनाच देतात, अशी माहिती होती. ही ओळख कोणापासून सुरू झाली, याचा माग नंतर काढू लागलो तेव्हा साखळीतला प्रत्येक जण आपल्या आधीच्याकडे बोट दाखवत होता आणि बाईंना प्रत्यक्ष भेटलेला एकही माणूस सापडला नाही.

पहिल्याच फोनवर त्यांनी विचारले, "ताई, तुम्ही नाशिकच्या ना? माझं माहेर सिन्नरचं." मग बोलणे मुलांवर गेले. मी माझी यादी काढून एकेक प्रश्न विचारत गेले. लहान मुलासाठी उंच खुर्ची आहे का, कुकर आहे का, सासूबाईंना पलंग मिळेल की गादी खाली घालावी लागेल, लिफ्ट आहे का, मेट्रो स्थानक किती लांब आहे? प्रत्येक प्रश्नाला तत्काळ होकार मिळत होता. कुकरबद्दल विचारल्यावर अर्ध्या तासाने स्वयंपाकघराचा फोटो आला आणि त्यात ओट्यावर तीन लिटरचा, आपल्याकडे असतो तसाच कुकर होता. तो फोटो पाहून मी निर्धास्त झाले. आपण विचारावे आणि समोरच्याने तेवढेच दाखवावे, ही तपासणी नव्हे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

भाडे अठ्ठेचाळीस हजार ठरले. पंधरा हजार आगाऊ दिले. तीन आठवड्यांनी फोन आला, की इमारतीच्या नियमानुसार लहान मुले असल्यास बारा हजारांची अनामत द्यावी लागते, ती निघताना परत मिळेल आणि पाहुण्यांच्या नोंदीसाठी पाचही जणांचे पासपोर्ट पाठवावे लागतील. आम्ही पासपोर्टच्या स्वच्छ, स्पष्ट प्रती पाठवून दिल्या. पैसे ज्या खात्यात जात होते ते भारतातले होते. पैसे पाठवताना पडद्यावर एका पुरुषाचे नाव दिसे आणि शाखेचा आयएफएससी कोड दुसऱ्याच राज्यातला होता. माझ्या यजमानांनी बाईंना त्याबद्दल विचारले तेव्हा, "ते माझ्या दिरांचं खातं आहे, सिंगापूरला पैसे पाठवायचे तर तुम्हालाच बँकेत खेटे घालावे लागतील," असे उत्तर मिळाले. आम्हाला ते आमच्या सोयीचेच वाटले.

मागे वळून पाहता दोन वेळा दार आमच्यासाठी उघडे होते. पहिल्यांदा, सिंगापूरमध्ये प्रवेश करण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत जे आगमन कार्ड ऑनलाइन भरावे लागते, ते भरून देण्याचे माणशी दीड हजार रुपये बाईंनी मागितले. यजमानांनी तिथल्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिले तर ते कार्ड पूर्णपणे मोफत होते आणि साऱ्या कुटुंबाचे एकत्र भरता येत होते. त्यांनी ते दहा-पंधरा मिनिटांत भरून टाकले. त्या कार्डावर मुक्कामाचा पत्ता म्हणून आम्ही त्याच फ्लॅटचा पत्ता लिहिला! मोफत गोष्टीचे पैसे मागणाऱ्या व्यक्तीबद्दल शंका येण्याऐवजी "त्यांना ठाऊक नसेल" असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली आणि त्याच संध्याकाळी उरलेले तेहेतीस हजारही पाठवले.

दुसरी वेळ मुलीमुळे आली होती. सिंगापूरमध्ये चौकोनी तीन पिनांची प्लग लागते म्हणून मी अडॅप्टर आणले होते. ते हातात घेऊन ती म्हणाली, "आई, फोटोतल्या घरात तर आपल्यासारखीच गोल भोकं आहेत, मग हे कशाला?" कुकरच्या मागे भिंतीवर खरोखरच आपल्याकडचा बोर्ड दिसत होता. मी सामान भरत होते. "असतील दोन्ही प्रकारचे," एवढे बोलून मी तिला बाजूला केले.

रात्रीच्या विमानाने निघून सकाळी चांगी विमानतळावर उतरलो आणि साडेनऊच्या सुमारास दिलेल्या पत्त्यावर पोहोचलो. पत्ता खरा होता, इमारत खरी होती, पण ती बारा मजल्यांची होती आणि आमचे घर चौदाव्या मजल्यावर होते. चौकीतल्या वयस्कर रखवालदाराला आमच्या हातातला कागद पाहून आश्चर्य वाटलेले दिसले नाही. त्या वर्षात असे सामान घेऊन आलेले आमचे तिसरे कुटुंब, असे त्याने सांगितले आणि चौकीच्या काचेवरची सूचना दाखवली. सिंगापुरात खासगी निवासी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देताच येत नाही आणि सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या (एचडीबी) घरांसाठी तर ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. म्हणजे ते घर खरे असते आणि बाई प्रामाणिक असत्या, तरीही तिथे सहा रात्री राहणे बेकायदाच ठरले असते. मी घराबद्दल निदान तीस प्रश्न विचारले होते, पण अशा घरात पर्यटकाने राहणे त्या शहरात चालते का, हा एक प्रश्न मात्र विचारला नव्हता.

रखवालदाराने मुलांना पाणी दिले आणि सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली. धाकटा बॅगेवर डोके टेकून झोपला. बाईंचा फोन बंद होता. दुपारी सेरंगून रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आयत्या वेळच्या दराने दोन खोल्या मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर.

नाशिकहून माझ्या भावाने १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर आम्ही हॉटेलातूनच तक्रार नोंदवली. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर या क्रमांकाचा खरा उपयोग होतो. आमचे पहिले दोन हप्ते केव्हाच पुढे गेले होते आणि तिसऱ्यातले चार हजार तीनशे रुपये तेवढे गोठवता आले. पिन टाकून पैसे आम्हीच पाठवले असल्याने बँकेने जबाबदारी घेतली नाही. पैशांपेक्षा पासपोर्टच्या प्रतींची काळजी अजून जात नाही. आता मी कोणालाही प्रत पाठवताना त्यावर तारीख, कारण आणि घेणाऱ्याचे नाव आडवे लिहूनच पाठवते. हॉटेलचा फोन नंबर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून शोधून मुलांची वयेही मीच त्यांना कळवते.

महिन्याभराने भावाच्या फोनवरून त्याच बाईंच्या दुसऱ्या एका नंबरवर, नव्या गिऱ्हाइकाच्या आवाजात चौकशी केली. घर उपलब्ध होते. मी काही विचारण्याआधीच त्या सांगू लागल्या, "लहान मुलांसाठी उंच खुर्ची आहे ताई, आजींना पलंग आहे, मऊ भात लावायला कुकरही ठेवलाय." पाठोपाठ फोटो आला. कुकर तोच होता, फक्त मागचा बोर्ड या वेळी कापून टाकलेला होता. तो नंबर आणि तो फोटो आम्ही तक्रारीला जोडला आहे.