पेनड्राइव्हवरची पोर्टेबल ॲप्स: शाळेच्या संगणक कक्षात वर्षभर वापरल्यानंतर

शाळेच्या संगणक कक्षात एखादं सॉफ्टवेअर टाकायचं म्हटलं की ॲडमिनचा पासवर्ड आडवा येतो. त्यात मशीन एकसारखी नसतात. काही विंडोज ७ ची, ३२-बिट, २ जीबी रॅमची. काही विंडोज १०ची. प्रोजेक्टरच्या खोलीत आणखी तिसरंच काही. अशा ठिकाणी इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल ॲप्स हा सगळ्यात व्यवहार्य मार्ग आहे. हा अनुभव पोर्टेबलॲप्स डॉट कॉमचा प्लॅटफॉर्म (अशी ॲप्स एका मेनूत मांडणारं साधन) आणि त्यावर किंवा त्याच्या शेजारी ठेवलेली लिबरऑफिस (लेखन आणि तक्त्यांचा संच), सुमात्रा पीडीएफ (पीडीएफ वाचक), व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), इरफानव्ह्यू (फोटो पाहण्याचं साधन), सेव्हन-झिप (फाइली एकत्र बांधण्याचं साधन), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि झूमइट (पडदा मोठा करण्याचं साधन) यांचा आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. ॲप्स फार क्वचित दगा देतात. त्रास होतो तो पेनड्राइव्हमुळे आणि तो हाताळण्याच्या सवयींमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच.

नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम; एनटीएफएस आणि फॅट३२ याही तशाच) फॉरमॅट केलेला येतो आणि ३२ जीबीच्या वरच्या एक्सफॅट ड्राइव्हला विंडोज १२८ केबीचं क्लस्टर (जागेचा सगळ्यात लहान तुकडा) देतं. याचा अर्थ २ केबीची फाइलसुद्धा ड्राइव्हवर १२८ केबी जागा अडवते. लिबरऑफिस म्हणजे हजारो लहान फाइली. त्यामुळे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसते. उपाय सोपा आहे: फॉरमॅटच्या खिडकीत ‘अलोकेशन युनिट साइज’ हाताने कमी निवडा, किंवा सरळ एनटीएफएस करा, तिथे क्लस्टर ४ केबीचं असतं. ड्राइव्ह फक्त संगणकालाच लावणार असाल तर एनटीएफएस बरं, कारण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) असतं आणि मधेच उपसला गेला तर फाइलसिस्टिम सावरण्याची शक्यता जास्त. इंटरॅक्टिव्ह पॅनेलला किंवा टीव्हीलाही लावायचा असेल तर एक्सफॅट ठेवा, कारण तिथे एनटीएफएस वाचलं जाईलच याची खात्री नसते. फॅट३२ आता नकोच. ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही.

वेगाबाबतीत पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. तिथे मोठ्या फाइलीच्या वाचनाचा वेग छापलेला असतो. पोर्टेबल ॲप मात्र लहान लहान फाइली वाचतं आणि लिहितं. जुन्या मशीनच्या यूएसबी २.० पोर्टवर लिबरऑफिस पहिल्यांदा उघडायला इतका वेळ घेतं, की मुलं पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करत बसतात. इथे एकच पद्धत कामाला येते. डी ड्राइव्हवर लिहायची परवानगी असेल तर तास सुरू होण्याआधी ‘लिबरऑफिसपोर्टेबल’ हा अख्खा फोल्डर तिथे कॉपी करा आणि तिथूनच चालवा. पोर्टेबल ॲपला ते पेनड्राइव्हवर आहे की हार्ड डिस्कवर, याने काही फरक पडत नाही.

प्लॅटफॉर्मची मांडणी नीट समजून घेतली तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. ॲपची डाउनलोड होणारी फाइल ‘पीएएफ डॉट ईएक्सई’ अशा शेवटाची असते. ती चालवली की ॲप पेनड्राइव्हवरच्या ‘पोर्टेबलॲप्स’ फोल्डरमध्ये उलगडतं. प्रत्येक ॲपच्या आत ‘ॲप’, ‘डेटा’ आणि ‘अदर’ हे फोल्डर. मूळ सॉफ्टवेअर ‘ॲप’मध्ये, तुमची सगळी सेटिंग्ज ‘डेटा’मध्ये. एकदा एका मशीनवर सगळं मनासारखं लावलं, की तो ‘डेटा’ फोल्डर बाकीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करा, झालं. ॲप बिघडलं आणि कारण सापडेना, तर ‘डेटा’चं नाव बदलून पुन्हा सुरू करा. ते कोऱ्या सेटिंग्जनिशी उघडलं, तर दोष सेटिंग्जमध्ये होता हे कळतं. आणि ‘एफ’ असलेला ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर ‘एच’ झाला म्हणून घाबरू नका, लाँचर (ॲप सुरू करणारी छोटी फाइल) ते सांभाळून घेतो. डेस्कटॉपवर काढून ठेवलेले शॉर्टकट मात्र तुटतात, कारण त्यांत ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता असतो. शॉर्टकट काढूच नयेत.

लिबरऑफिस घेताना दोन आवृत्त्या दिसतील, ‘मल्टिलिंग्वल स्टँडर्ड’ आणि ‘मल्टिलिंग्वल ऑल’. मराठी मेनू हवे असतील तर ‘ऑल’ घ्या. विंडोज ७ची मशीन असतील तर २५.८च्या आधीची आवृत्ती जपून ठेवा, २५.८पासून विंडोज ७ आणि ८चा आधार काढून टाकला आहे. मराठी प्रश्नपत्रिका करताना हमखास अडचण येते ती फॉन्टची. लिबरऑफिस लॅटिन अक्षरांसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट धरतं, आकारही दोघांचे वेगवेगळे. म्हणून शैलीत आकार १४ केला तरी मराठी मजकूर १२वरच राहतो आणि मधले इंग्रजी शब्द मोठे दिसतात. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांची बाजू) भाषा मराठी करा, मग परिच्छेद-शैलीतला त्या बाजूचा फॉन्ट आणि आकार बदला. भाषेची निवड ‘डेटा’मध्ये साठते; शैलीतला बदल मात्र त्या दस्तऐवजापुरताच राहतो, कायमचा हवा असेल तर तो दस्तऐवज मूळ टेम्पलेट म्हणून साठवा. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात, तक्ते पानाबाहेर जातात. ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’ इथे फॉन्ट दस्तऐवजात बसवण्याची सोय आहे, ती वापरा. छपाईला जाणारी प्रत मात्र पीडीएफच असू द्या.

वर्गात शिकवण्यासाठी झूमइटला तोड नाही. हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं, एका लहानशा फाइलीचं साधन आहे. कंट्रोल आणि १ दाबलं की पडदा मोठा होतो, माउसचं चाक फिरवून आणखी मोठा करता येतो. कंट्रोल आणि २ दाबलं की पडद्यावर पेन. आर दाबलं की लाल, जी हिरवा, बी निळा, वाय पिवळा. शिफ्ट धरून ओढलं तर सरळ रेघ, कंट्रोल धरून चौकोन, टॅब धरून लंबवर्तुळ, कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून बाण. डब्ल्यू दाबलं तर पांढरा फळा, के दाबलं तर काळा. ई दाबलं की सगळं पुसलं जातं, एस्केपने बाहेर. कंट्रोल आणि ३ म्हणजे उलटी मोजणी करणारं घड्याळ. मूळ वेळ १० मिनिटं असते, चाकाने कमी-जास्त होते. मागच्या बाकावरच्या मुलाला स्प्रेडशीटमधलं सूत्र वाचता येतं, ही गोष्ट फार मोलाची आहे.

पण याच झूमइटची पोर्टेबल वापरात पक्की पंचाईत होते. एक तर त्याच्या मूळ कळा दुसऱ्यांच्या कळांवर बसतात. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि १ म्हणजे ‘फॉरमॅट सेल्स’, लिबरऑफिस रायटरमध्ये तीच कळ पहिल्या पातळीचं शीर्षक, ब्राउझरमध्ये पहिला टॅब. झूमइट चालू असताना यातलं काहीच चालत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं कीबोर्ड बिघडला. म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि आकडा अशा कळा ठेवाव्यात. आता खरी अडचण: ही सेटिंग्ज झूमइट स्वतःच्या फोल्डरमध्ये नाही, त्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लिहितं. दुसऱ्या मशीनवर गेलात की परवान्याची खिडकी पुन्हा येते आणि कळा पुन्हा मूळच्या होतात. तोडगा असा: एका मशीनवर सगळं लावून घ्या, रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘करंट यूजर’खाली ‘सॉफ्टवेअर’, ‘सिसइंटर्नल्स’, ‘झूमइट’ ही की शोधा, राइट-क्लिक करून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल झूमइटच्या शेजारी ठेवा. नव्या मशीनवर आधी तिच्यावर डबल-क्लिक, मग झूमइट. ही की वापरकर्त्याच्या स्वतःच्या भागातली असल्याने साधारणपणे ॲडमिनचे हक्क लागत नाहीत. रजिस्ट्री एडिटरच बंद ठेवलेला असेल तिथे मात्र दर वेळी हाताने लावावं लागतं. आणखी एक: पडद्यावरचं पेन सुरू केलं की पडद्याचं चित्र गोठतं. व्हिडिओ मागे चालूच असतो, आवाज येतो, पण चित्र हलत नाही. हलतं चित्र मोठं करायचं असेल तर कंट्रोल आणि ४.

सुमात्रा पीडीएफबद्दल तक्रार करायला जागाच नाही. २ जीबी रॅमच्या मशीनवरही बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ पटकन उघडते. एफ५ने सादरीकरण, त्यात पूर्णविरामाची कळ दाबली की पडदा काळा होतो, मुलांचं लक्ष फळ्याकडे आणायला उपयोगी. पाठ्यपुस्तकाचा छापील पान क्रमांक आणि पीडीएफचा क्रमांक यांत मुखपृष्ठ, प्रस्तावना वगैरेंमुळे फरक पडतो; प्रत्येक पुस्तकाचा फरक एकदा मोजून लिहून ठेवा. मराठी शब्द शोधून सापडत नसेल तर दोष सुमात्राचा नाही. पुष्कळ पीडीएफमधला मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला असतो, शोधयंत्राला तो भलत्याच अक्षरांचा दिसतो.

इरफानव्ह्यू शाळांना शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. विद्यार्थ्यांचे फोटो अर्जासाठी लहान करायचे असतील तर बी दाबा, यादीत सगळे फोटो घ्या, जेपीजी निवडून गुणवत्ता ८० ठेवा, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये लांब बाजू ६०० पिक्सेल करा आणि निकालाचा फोल्डर वेगळा द्या. तोच फोल्डर दिलात तर मूळ फोटोंवर लहान फोटो लिहिले जाण्याचा धोका आहे. व्हीएलसीत ई दाबत गेलं की व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकतो. पडणाऱ्या चेंडूची गती शिकवताना वापरून पाहा.

सेव्हन-झिप घेण्याचं एक मराठी कारण आहे. विंडोज ७ची स्वतःची झिप-सोय देवनागरी नावाच्या फाइली घेतच नाही, ‘या नावातली अक्षरं चालत नाहीत’ असा संदेश देते. सेव्हन-झिपला ती नावं चालतात. फक्त उघडतानाही सेव्हन-झिपच वापरा, नाहीतर नावांचा कचरा दिसतो. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती असलेल्या याद्या पेनड्राइव्हवर उघड्या ठेवणं अजिबात योग्य नाही. सेव्हन-झेड प्रकार निवडा, पासवर्ड द्या आणि ‘एनक्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा, कुलूप एईएस-२५६ या मजबूत सांकेतिकरणाचं लागतं. व्हेराक्रिप्ट (ड्राइव्हचा भागच कुलूपबंद करणारं साधन) याहून सोयीचं, पण त्याला ड्रायव्हर चढवायला ॲडमिनचे हक्क लागतात, त्यामुळे संगणक कक्षात ते बाद. फायरफॉक्स पोर्टेबलमध्ये पासवर्ड साठवणार असाल तर ‘प्रायमरी पासवर्ड’ (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचा एक पासवर्ड) लावाच. नाहीतर ज्याच्या हाती पेनड्राइव्ह लागेल, त्याच्या हाती तुमची खातीही लागतील.

सगळ्यात मोठा उपद्रव शॉर्टकट व्हायरसचा. लक्षण ठरलेलं: फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावांचे एक-दोन केबीचे शॉर्टकट. त्यांच्यावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, म्हणून हातच लावू नका. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. स्वच्छ मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘ॲट्रिब’ ही कमांड त्या ड्राइव्हवर चालवा. उणे एच, उणे आर, उणे एस आणि पुढे स्लॅश एस, स्लॅश डी. फोल्डर दिसू लागले की आपल्या फाइली बाजूला काढा आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा; नुसते शॉर्टकट पुसून भागत नाही. यावरचा खरा उपाय म्हणजे मूळ संच घरच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये ठेवणं. कक्षात जातात त्या त्याच्या प्रती. परत आल्या की फॉरमॅट, मग ‘रोबोकॉपी’ या विंडोजच्या कमांडची ‘मिरर’ पद्धत (गंतव्य हुबेहूब उगमासारखं करणारी) वापरून पुन्हा भरणं. मिरर वापरताना उगम आणि गंतव्य उलटसुलट होऊ देऊ नका. तसं झालं तर रिकामा पेनड्राइव्ह तुमचा भरलेला संच रिकामा करेल. लिहिण्याला कुलूप लावणारी खटकी असलेले पेनड्राइव्ह मिळतात, पण ते लावलं की ‘डेटा’मध्ये लिहिणारी ॲप्स अडखळतात, सुमात्रा आणि झूमइट तेवढी निभावतात.

पेनड्राइव्ह काढतानाही घाई नको. लाँचर ॲप बंद होताना मशीनवर तात्पुरतं केलेलं सगळं आवरून घेतो. मधेच उपसलात तर ते अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी ‘नीट बंद झालं नव्हतं’ असा इशारा येतो. प्लॅटफॉर्मच्या मेनूतलं इजेक्टचं बटण वापरा. तरीही ‘वापरात आहे’ म्हणालं तर उघडी एक्सप्लोररची खिडकी बंद करा, अँटिव्हायरसची तपासणी संपू द्या.

डाउनलोड फक्त मूळ संकेतस्थळांवरूनच. महागड्या सॉफ्टवेअरच्या ‘पोर्टेबल’ म्हणून फिरणाऱ्या फुकट प्रती कक्षात आणू नयेत. त्या चोरीच्या असतात आणि त्यांच्यातून काय आत येईल ते सांगता येत नाही. झिप उलगडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा, नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलवर इंटरनेटवरून आल्याचा शिक्का बसतो आणि स्मार्टस्क्रीन (विंडोजचा सुरक्षा-पहारा) अडवत राहते.

अपडेट प्लॅटफॉर्म स्वतः शोधून देतो, पण ते घरच्या संचावर, सत्र संपल्यावर करा. आधीचा फोल्डर वेगळ्या नावाने ठेवून द्या. नवी आवृत्ती सगळ्यात जुन्या मशीनवर उघडते का, एक मराठी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी दिसते का, एवढं पाहून मगच प्रती भरा. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात कशालाही हात लावू नये.